मोसंबीचं नवं वाण का निघंना?

जालना जिल्ह्यातल्या बदनापूर-अंबड भागात मोसंबीच्या कुठल्याही बागेत गेलं, की चहाच्या आधी प्रश्न येतो. "सायेब, सोयाबीनचं नवं वाण दर दोन-चार सालाला निघतंय, मोसंबीचं का निघंना?" मागं एका मामांनी वर जोडलं, "पगार तर दोघायला सारखाच असंल की." मोसंबीचं नवं वाण काढण्याचं काम माझं, तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

घोडं अडतं ते बीपाशीच. सोयाबीनच्या एका बीतून एक रोप. मोसंबीचं बी पेरलं तर कधी दोन, कधी तीन कोंब येतात, आणि त्यातले बहुतेक परागाचा संबंध न येता आईच्याच पेशींपासून बनलेले असतात. म्हणजे मी कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, पिशवी बांधायची आणि एवढं करून उगवायची आईचीच नक्कल. खरं संकराचं पोर असलंच, तर भावंडांच्या रेट्यात बहुधा तेच मरतं.

खुंटासाठी, म्हणजे ज्यावर मोसंबीचं कलम बांधतात त्या खालच्या झाडासाठी, संकर करताना एक सोय आहे. त्रिपर्णी जातीचा पराग वापरला, की संकराच्या रोपाला तीन-तीन पानं येतात, नुसत्या नजरेनं ओळखू येतं. त्या संकराचं फळ मात्र तोंडात धरवत नाही. गोड फळासाठी संकर करायचा तर डीएनएच तपासावा लागतो.

तो काढणं हाही एक ताप. कोवळं पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये वाटायचं. जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात, तोच हा नायट्रोजन. मग ६५ अंशांवर रसायनात ठेवायचं, क्लोरोफॉर्मनं धुवायचं आणि शेवटी गार अल्कोहोल घालायचं. नशीब असेल तर नळीत कापसासारखा पांढरा धागा तरंगतो. पान जून निघालं, तर त्यातली फिनॉलं, म्हणजे तुरट द्रव्यं, हवा लागताच काळवंडतात आणि नळीत चहाच्या रंगाचा डिंक बसतो. त्यातून पुढं काहीच वाचता येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी असा डिंकच जास्त काढला.

चवीचं मोजमाप त्याहून फसवं. एकाच झाडाचं उन्हातलं फळ गोड, आतल्या सावलीतलं फिकं. हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या आंबे बहाराचा आकडा पावसाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या मृग बहाराशी जुळत नाही. मग गोडी जातीची की जागेची, हे ठरवायला बरीच झाडं आणि बरेच हंगाम लागतात. बीपासूनच्या झाडाला पहिलं फळ यायलाच सात-आठ वर्षं सहज जातात. प्रकल्प मंजूर होतो तीन वर्षांचा. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या बागांवर कुऱ्हाडी चालल्या, तेव्हा माझी १४ पैकी ११ संकरित झाडं जळाली. एकाचंही फळ चाखलं नव्हतं. मामांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पगाराचं नाव काढलं नाही.

खरं तर गोड संत्र्याच्या कुळातल्या जाती संकरातून फारशा आल्याच नाहीत. फांदीवरच्या एखाद्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, आपोआप बदल होतो, त्याची फांदी वेगळी निघते आणि कुणाच्या तरी नजरेला पडते. ब्राझीलचं बिनबियांचं नेव्हल संत्रं असंच सापडलं. म्हणून बागेत एखाद्याच फांदीला लवकर पिकणारी किंवा कमी बियांची फळं दिसली, तर ती छाटू नका. चिंधी बांधा, दुसऱ्या बहारालाही तशीच फळं येतात का बघा, आणि मला बोलवा.