नळीतलं पाणी

समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या आमच्या रिगच्या बार्ज कंट्रोल रूममधल्या मॉनिटरवर रिगचा कल अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत दिसतो. तरीही त्या मूव्हला, म्हणजे रिग नव्या जागी हलवताना, आमच्या डेकवर पारदर्शक प्लास्टिकची एक नळी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत टाकलेली होती. जोत्याची पातळी काढायला गवंडी वापरतात तीच. आत नीळ घातलेलं पाणी. टो मास्टर, म्हणजे रिग हलवण्याच्या कामाचे प्रमुख, म्हणून आलेले कॅप्टनसाहेब ही नळी पडल्याशिवाय कुणाला जॅकिंगच्या, म्हणजे रिगचे पाय खाली-वर करायच्या, पॅनलला हात लावू देत नसत. पुढच्या टोकाला नळीपाशी हर्णैचा एक खलाशी बसवला होता. वयाने माझ्याहून बराच मोठा, म्हणून मी त्याला काका म्हणायचो, तो मला साहेब म्हणायचा. काम एकच: दर मिनिटाला वॉकीटॉकीवर नळीतली पातळी सांगायची.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. जागा मुंबई हायवर, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत, पाणी ७५ मीटर. १९७४ साली याच भागात 'सागर सम्राट'ने पहिली तेलविहीर खोदली. एक रुपयाच्या नोटेमागे जे चित्र छापतात ते त्याच रिगचं. आमची रिग त्याच जातीची: तरंगत येते, पाय सोडते, पाण्यावर उठते आणि उभी राहून विहीर खोदते. पावसाळा लागला की दर्या तिला हलू देत नाही, जिथे उभी असेल तिथेच तिने चार महिने काढायचे. म्हणून मे संपायच्या आत नव्या जागेवर पाय रोवायची सगळ्यांनाच घाई असते. तीन टगबोटींनी आम्हाला ओढत आणलं तेव्हा हवामानाच्या अंदाजात शांत दर्याचे चारच दिवस उरले होते.

लोकांना वाटतं, एवढं मोठं धूड पाण्यातून वर उचलणं हेच अवघड. ते तसं नाही. प्रत्येक पाय म्हणजे सव्वाशे मीटर उंचीचा लोखंडी जाळीचा मनोरा. त्याच्या कडांना दात्यांची पट्टी, एकेक दाता माझ्या पंजाहून जाड. त्यात मोटरवरची पिनियन चाकं अडकतात आणि मिनिटाला फूट-दीड फूट वेगाने पाय खाली जातो. पाय तळाला टेकले की तीच चाकं फिरत राहतात आणि आता पायाऐवजी जहाज, म्हणजे रिगचं तरंगणारं धड, वर चढतं. अवघड आहे ते उभं राहणं. पायांखाली खडक नाही, माती आहे, आणि ती किती भार पेलेल हे तिच्यावर भार टाकल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रीलोड. रिगच्या टाक्यांमध्ये हजारो टन समुद्राचं पाणी भरायचं, पायांवर वादळात येईल तेवढं वजन मुद्दाम आजच टाकायचं, पाय जेवढे रुतायचे तेवढे रुतू द्यायचे. रुतणं थांबलं की तासन्‌तास तसंच धरून ठेवायचं. मग पाणी सोडून द्यायचं आणि वर चढायचं.

या जागेचा मातीचा अहवाल आला तेव्हा कॅप्टनसाहेबांनी तो टेबलावर पसरून एका वळणावर पेन्सिल टेकवली. चांगल्या मातीत पाय जसा खोल जातो तशी मातीची ताकद वाढत जाते, आलेखातली रेघ उजवीकडे उतरत जाते. इथे ती नऊ मीटरपर्यंत नीट उजवीकडे गेली होती आणि मग मागे, डावीकडे वळली होती. वर घट्ट वाळूचा थर, खाली मऊ चिकणमाती. दुधावरच्या जाड सायीवर बोट ठेवल्यासारखं. साय तोलते, तोलते आणि एकदम फाटते. आमच्या भाषेत पंच थ्रू. रिग पाण्याच्या वर असताना असं झालं तर एक पाय क्षणात काही मीटर खाली जातो, सगळी रिग त्या बाजूला कलंडते आणि बाकीचे दोन पाय वाकतात.

यावर उपाय आहे, पण वेळखाऊ. जहाज पाण्याबाहेर काढायचंच नाही. तळ पाच फूट पाण्यात ठेवायचा आणि एका वेळी एकाच पायावर वजन टाकायचं. साय फाटलीच तर पाणी जहाजाला झेलेल. किनाऱ्यावरून फोन आला तो नेमका यावर. नाव घेत नाही, पण बोलणं कानात आहे: "एकेक पाय करत बसलात तर दीड दिवस जाईल. तिन्ही एकदम भरा." मीही हिशेब मांडला होता, अठरा तास वाचत होते आणि हवामान बिघडायच्या आत ते वाचावेत असंच मला वाटत होतं. कॅप्टनसाहेबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "अहो, रिगवर आज सत्तर माणसं आहेत. त्यातल्या कुणाला विचारून सांगा, अठरा तास हवेत का." पुढच्या पायापासून सुरुवात झाली.

रात्री पावणेतीनला पुढच्या टाक्या निम्म्याहून जास्त भरल्या होत्या. पाय साडेआठ मीटर रुतला होता, दर तासाला थोडा थोडा, अगदी शहाण्यासारखा. काकांचा आवाज एका सुरात येत होता. "शून्य. शून्य. अर्धा इंच. अर्धा इंच." मग मिनिट व्हायच्या आत पुन्हा आवाज आला, "दीड इंच." आणि लगेच, "साहेब, नळी पळतेय!"

मॉनिटरवरचा आकडा अजून हलायचा होता. मी पंप बंदचं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी पायांखालची जमीन निघून गेली. लिफ्ट सुटावी तशी. लोखंडातून जो आवाज आला त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. तो कानांना कमी आणि दातांना जास्त जाणवला. टेबलावरचे कप घसरत भिंतीला जाऊन फुटले. मग पुढच्या बाजूने पाण्याचा दणका ऐकू आला आणि पडणं थांबलं. पुढचं टोक दोन मीटर खाली गेलं होतं, कल अडीच अंश. समुद्राने आम्हाला झेललं होतं.

कॅप्टनसाहेबांचा आवाज चढला नाही. "डम्प खोला. मागच्या पायांवर जहाज खाली घ्या, हळू." टाक्यांच्या झडपा उघडल्या, पाणी धो धो दर्यात पडायला लागलं, मागची बाजू इंच इंच उतरवत आम्ही जहाज समपातळीत आणलं. वीस-बावीस मिनिटं लागली असतील. मला ती आठवतात ती काकांच्या आकड्यांनी: सहा फूट, पाच, साडेतीन, दोन. तो माणूस त्या धक्क्यात नळी सोडून हलला नव्हता. खाली गेलेलं टोक त्याचंच होतं, लाट त्याच्या गुडघ्यापर्यंत येऊन गेली होती.

उजाडल्यावर मी टेप घेऊन एकेका पायापाशी गेलो. एकाच पायाच्या तीन कडांवरचे दाते एका पातळीत आहेत का हे मोजायचं असतं. पाय वाकला की तो फरक वाढतो. मागच्या डाव्या पायापाशी फरक वाढला होता, पण मर्यादेच्या आत. जाळीचे जोड वाकले नव्हते, वेल्डिंगला तडा नव्हता. ग्रीसने माखलेला टेप हातात धरून मी त्या पायाला टेकून उभा राहिलो. पंधरा मीटर वर असतो तर मोजायला काही उरलं नसतं, हे मला तेव्हा कळलं. माझा अठरा तासांचा हिशेब माझ्या खिशातच होता.

बाकीचं काम वाट पाहण्याचं. पुढच्या पायावर पुन्हा पाणी भरलं. तो मऊ मातीतून आणखी खाली उतरला आणि तेरा मीटरवर घट्ट बसला. मागच्या दोन्ही पायांखालीही तोच थर होता, पण आता कधी फाटणार हे माहीत असल्यामुळे आम्ही पाणी आणखी हळू भरलं, आणि ते दोन्ही पाय एक हात-दीड हात असे टप्प्याटप्प्याने उतरले. किनाऱ्यावरून पुन्हा फोन आला नाही. जेवण पॅनलपाशीच आलं, डाळभात. कुणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या रात्री तिन्ही पायांवर पूर्ण भार आला. आता काहीही न हलता तास काढायचे होते. दक्षिणेकडून लांब लांब सुटी लाट यायला लागली होती, जूनची चाहूल. कॅप्टनसाहेब खुर्चीत डोळे मिटून बसले होते, झोपले नव्हते. काकांना मी दोनदा बदली पाठवली, दोन्ही वेळा त्यांनी परत पाठवली.

पहाटे चारला मी विचारलं, "काका, नळी?"

"तिथंच आहे, साहेब."

पाचला विचारलं.

"तिथंच."