आमच्या दोस्तीत दिवाळी का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या बालमित्राचा विषय निघाला की कुणी ना कुणी हे विचारतंच. बायकोनं लग्न झाल्या झाल्या विचारलं होतं, पुण्यातले शेजारी विचारतात, ऑफिसातले विचारतात: ‘एवढा जिवाभावाचा दोस्त, मग त्याच्यासोबतची एकही दिवाळी कशी सांगत नाही तुम्ही? किल्ला नाही, फटाके नाहीत, फराळ नाही?’

नाही, कारण दिवाळीला तो गावात नसायचा. संक्रांतीला नसायचा, शिमग्यालाही नसायचा. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की त्याच्या घराला कुलूप लागायचं, ते अक्षयतृतीयेच्या आगेमागे निघायचं. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, शिरूर कासारकडचं, बालाघाटाच्या पायथ्याचं. १९७२च्या दुष्काळानंतर त्याचा आजा कोयता घेऊन पहिल्यांदा ऊसतोडीला गेला. मग बाप गेला आणि पुढं हा.

माझे वडील शिंपी. त्यामुळं कुणाचं घर कधी निघणार हे आमच्या मशीनवर सगळ्यात आधी कळायचं. तोडणीला मजूर जमवणारा मुकादम श्रावण-भाद्रपदात उचल वाटायचा. त्या पैशातून आधीची उधारी जायची, आजारपणं निघायची, आणि उरलंच काही तर कापड यायचं. दिवाळीचे कपडे घटस्थापनेलाच शिवून मागणारी ही गिऱ्हाईकं. माझ्या मित्राची नवी चड्डी माझ्याआधी महिनाभर तयार असायची आणि त्यावरून मी घरात रडून घेतलेलं आहे. उचल म्हणजे पगार नव्हे, आधी घेतलेलं कर्ज. ते सहा महिने अंगानं फेडायचं. हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. तेव्हा मला फक्त चड्डी दिसत होती.

सीताफळांचंही तसंच. डोंगरात सीताफळाची झाडं पुष्कळ. भादव्यापासून आम्ही दोघं रोज कुठल्या फळाचे डोळे उघडलेत ते बघत हिंडायचो. तो निघायच्या दिवसांत फळं ऐन भरात यायची. कडक होती ती आम्ही त्याच्या घरामागं कडब्यात अढी घालून ठेवायचो आणि चार दिवसांनी ट्रक यायचा. ट्रकात भांडी, पीठ, शेळी, म्हातारी, लेकरं, सगळं. ‘गड्या, माझी बी तूच खा,’ असं वरून ओरडून तो जायचा. मी खायचो. उगाच खोटं कशाला सांगू, गोड लागायची.

शाळेत मास्तर त्याचं नाव हजेरीत घ्यायचे, पण उत्तराला थांबायचे नाहीत. चौथीपर्यंत तो कसाबसा माझ्याबरोबर आला. पाचवीला अपूर्णांक हिवाळ्यात शिकवले आणि तिथंच त्याची शाळा अडकली. मात्र मोळ्या किती झाल्या, टन किती भरले, मुकादमाकडं किती फिटले हा हिशोब तो तोंडी करायचा, आणि तोही माझ्यापेक्षा लवकर.

उन्हाळ्यात परत आला की त्याचे हात बघण्यासारखे असायचे. उसाच्या पाल्यानं कोपरापर्यंत कापलेले, बोटांत काळे डाग. बोली बदललेली. आठ दिवस तो ‘काय लगा’ असं सांगलीकडचं बोलायचा, आम्ही सगळे त्याला ‘सांगलीकर’ म्हणून चिडवायचो. आणि गोष्टी सगळ्या पाण्याच्या! भर उन्हाळ्यातही पाटाला पाणी असतं, त्यात म्हशी डुंबतात, आपण उडी मारली तरी कुणी बोलत नाही. आमच्याकडं तेव्हा बाया आडावर रात्री रांग लावायच्या. मला वाटायचं हा थापा मारतो. पण पहिल्या पावसात सिंदफणेला पाणी आलं की सगळ्यात आधी उडी त्याची असायची. पोहायला मी त्याच्याकडूनच शिकलो.

तर आमची दोस्ती अशी: वैशाखात सुरू, आश्विनात बंद. मधल्या दिवसांत ना पत्र, ना निरोप. मी त्या दिवसांत दुसऱ्या पोरांशी खेळायचो आणि मला त्याची फारशी आठवणही यायची नाही. तुम्हाला हे विचित्र वाटेल. ज्या गावात निम्मी घरं दरवर्षी कुलूपबंद होतात, तिथल्या पोरांना त्याची सवय होते.

मोठेपणी मी पुण्यात नोकरीला लागलो, तो ऊसतोडीच्या टोळीत. त्याची बायको आली आणि त्याचा एक पूर्ण कोयता झाला; टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडायचे. तोडायचं, सोलायचं, बांधायचं आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. आजारी पडून बसलं तर खाडा, त्याचे पैसे कापणार. गळीत हंगाम सुरू होताना चेअरमन गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, मोळी टाकतात, तो फोटो पेपरात बघितला की मी तो त्याला दाखवायचो. तो म्हणायचा, ‘मोळी ढिली बांधलीय.’

मोबाइल आले आणि आम्हाला कधी नव्हे ते हिवाळे मिळाले. रात्री फोन यायचा: ‘आज गाडी न्हाई आली, म्हणून बोलतो.’ मागं पोरांचा गलका, कुठंतरी ट्रॅक्टरवरची गाणी. तो कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पडून माझ्या ऑफिसच्या कटकटी ऐकायचा आणि मनापासून वैतागायचा. माझ्या साहेबाला त्याच्याइतक्या शिव्या कुणीच दिल्या नसतील.

२०२०च्या फेब्रुवारीत एका रात्री गाडी भरताना त्याच्या छातीत दुखलं. पित्त असेल म्हणून त्यानं सोडा घेतला, थोडा वेळ बसला आणि उठून पुन्हा मोळी उचलली. पहाटे दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. वय ४६. ‘तेव्हाच का नेलं नाही,’ हा प्रश्न तेराव्याला आलेले लोक वहिनींना विचारत होते. पुण्यात मीही हे पुष्कळांकडून ऐकलं. खाडा पडला की पैसे कापतात हे ज्यांना माहीत आहे, ते असं विचारत नाहीत.

अ‍ॅम्ब्युलन्स कृष्णाकाठावरून रात्रभर चालून सकाळी गावात आली. मी पुण्याहून एसटीनं त्याच्या आधी पोचलो होतो. गावात थंडी होती, हरभरा काढणीला आला होता, निम्मी घरं बंद. खांदा द्यायला माणसं शेजारच्या वाडीवरून बोलवावी लागली. थंडीच्या दिवसांत तो गावात आल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

म्हणून मला त्याच्या जाण्याचा त्रास भलत्याच महिन्यात होतो. दिवाळीत काही वाटत नाही. वैशाखात, कारखान्यांचे पट्टे पडून, म्हणजे हंगाम संपून, ट्रक परतायला लागले की गावी जावंसं वाटत नाही. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढल्याची बातमी वाचली आणि सवयीनं त्याचा नंबर काढला. तोवर त्याला जाऊन चार वर्षं होत आली होती.

त्याचा पोरगा लहानपणी फडावर वाढलेला. आम्हा दोघांचं आता एक बरं जमलंय: मी त्याला बापाचे पावसाळे सांगतो, तो मला हिवाळे. त्याच्याकडून कळलं की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाप वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, चार मोळ्या गवळ्याला जास्तीच्या विकायचा, कारखान्याच्या बाजारातून लवंगी माळा आणायचा आणि त्या एकेक सुट्या करून पोरांना पुरवून पुरवून वाजवायला लावायचा. पाचटाला आग लागू नये म्हणून हातात पाण्याची घागर घेऊन स्वतः मागं उभा. फराळ म्हणाल तर बुंदी, तीही दुकानातली.

उचलीतले राहिलेले पैसे अजून फिटायचे आहेत. वहिनी यंदाही दिराच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून गेल्या आहेत. पोरगा मात्र गेलेला नाही. तो आजीपाशी राहून दहावी करतोय. रात्री फोन करतो, आधी लाइट होती की नव्हती ते सांगतो आणि मग गणितं विचारतो. बीजगणित त्याला जमतं. अपूर्णांक आले की चिडतो.