दोन शाईंची मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात महाल-इतवारीच्या रस्त्यांवरून निघणाऱ्या मारबतींवर, म्हणजे मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्यांवर, कॉमिक काढायचे, हे मी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच ठरवले होते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलेले ते दोन रंग माझ्या मनातून कधी गेले नाहीत, आणि पुढे छपाईचा खर्च काढायला बसले तेव्हा त्याच दोन रंगांमुळे पुस्तक माझ्या आवाक्यात आले.

डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांत, एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजू मिळून १६ पृष्ठांचा फर्मा बसतो. कागदाच्या प्रत्येक बाजूला प्रत्येक रंगाची वेगळी छपाईची प्लेट लागते, म्हणजे चार रंगांत छापायचे तर आठ प्लेट. काळा आणि पिवळा एवढेच रंग घेतले की चारच. ३०० प्रतींसाठी ऑफसेट परवडले ते यामुळे. म्हणून मी कथा १६ पृष्ठांतच बसवली, आणि आधी कोऱ्या कागदाची घडी घालून, त्यावर पृष्ठांचे आकडे टाकून डमी केली. आपले पहिले पृष्ठ त्या कागदावर सोळाव्याच्या शेजारी बसते, हे डमी हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही.

प्रेसमधल्या काकांनी पहिल्याच भेटीत सांगितले, "बेटा, पिवळ्यात अक्षरं घेऊ नको, वाचता येणार नाहीत." पांढऱ्या कागदावर पिवळी शाई इतकी फिकी पडते की तिच्यात बारीक रेघसुद्धा टिकत नाही. म्हणून सगळ्या रेघा आणि संवाद काळ्यात घेतले, पिवळा फक्त सपाट भरला, आणि काळा त्याच्यावरच छापला जाईल अशी फाइल केली. तसे केल्याने रंग किंचित सरकला तरी रेघेच्या कडेला पांढरी फट दिसत नाही. ही काळजी पुढे फार उपयोगी पडली, कारण आमची छपाई भर पावसाळ्यात झाली, दमट हवेत कागद फुगला आणि सुरुवातीच्या तावांवर पिवळा जवळपास एक मिलिमीटर सरकला होता.

खरा घोटाळा मात्र अक्षरांत झाला. मी संवाद युनिकोडमध्ये टाइप केले होते. प्रेसच्या संगणकावर ती फाइल उघडली तेव्हा फाँट बदलला, पहिल्या वेलांट्या अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसल्या आणि जोडाक्षरे सुटी झाली. प्रूफवर 'पिवळी' हा शब्द वाचताच येईना. अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे फाँट न लागणाऱ्या नुसत्या आकृत्या करून, फाइल पुन्हा दिली तेव्हा ते सुटले. मराठीत कॉमिक करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे आवर्जून सांगते, आणि स्क्रीनवर कितीही नीट दिसले तरी कागदावरचे प्रूफ ओळ न् ओळ वाचायला सांगते. फुग्यांतली अक्षरे हाताने काढणे याहून चांगले, असे माझे मत आता झाले आहे.

आतला कागद ९० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) मॅप्लिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, घेतला, मुखपृष्ठ २५० जीएसएमच्या आर्ट कार्डवर डिजिटल छापले आणि मध्ये दोन पिना मारल्या. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, लेखकाला स्वतः प्रकाशक म्हणून ऑनलाइन अर्ज करता येतो आणि त्याचे शुल्क नसते. प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मी ती स्वतः पोस्टात नेऊन दिली, आणि त्या पावतीचा मला फार आनंद झाला.

किंमत ४० रुपये ठेवली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माणसे पातळ पुस्तिका कशी हातात घेऊन, चाळून, विकत घेतात हे मी दरवर्षी पाहत आले आहे, म्हणून मारबतीच्या दिवशी मीही रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून बसले. ३०० पैकी आता १६ प्रती उरल्या आहेत. दुसऱ्या आवृत्तीसाठी नवव्या पृष्ठावरचा बडगा, म्हणजे मारबतींबरोबर निघणारा पुरुषाचा पुतळा, मी नव्याने काढते आहे, कारण छापून हातात आल्यावर त्याचे हात मला फारच आखूड वाटले.