सरकारने कुठे यावं, कुठे थांबावं : तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही जुन्या वळणाचे. सरकारने समाजाच्या कामात पडू नये म्हणता. मग नळाला रोज पाणी मागणाऱ्या निवेदनावर पहिली सही तुमची कशी?" सोलापूरच्या पूर्व भागात कुठेही चार माणसांत बसलो की हा प्रश्न येतोच. पोरं विचारतात, बरोबरीचेही विचारतात.

जुन्या वळणाचा आहे हे खरं. चालत आलेली गोष्ट मोडण्याआधी ती कशाच्या जोरावर चालली आहे ते नीट पाहावं, असं मला मनापासून वाटतं. जानेवारीत आपल्याकडे सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. कुठल्या काठीचा मान कुणाचा, हे कुठल्या शासन निर्णयात लिहिलेलं नाही. एवढी उंच, जड काठी तोल सांभाळत न्यायची म्हणजे पोरांना आधी सराव लागतो, आणि तो करून घेणारे त्यांच्याच घरातले, गल्लीतले वडीलधारे असतात. पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवावा, दिवाबत्ती नीट असावी, एवढं पुरे. बाकीची यात्रा शहर स्वतः उभी करतं. तेलुगू मुलखातून मागावर पोट भरायला आलेल्या आमच्या पद्मशाली समाजाने इथे शिक्षणसंस्था काढल्या. मार्कंडेय सहकारी रुग्णालय तर अजून चालू आहे. अशा कामांत सरकार अनुदान घेऊन आलं आणि मागोमाग मंडळावर आपली माणसं बसवू लागलं, की वर्गणीसाठी दारोदार फिरणारे घरी बसतात. पुढे अनुदान थांबलं तरी ते परत बाहेर पडत नाहीत. मला भीती आहे ती याची.

पण पाणी वर्गणीतून येत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तलाव खोदला, त्या काळच्या गावाला तो पुरला. आजच्या सोलापूरचा जीव उजनीवर आहे. १९८० साली पुरं झालेलं, सुमारे ११७ टीएमसीचं ते धरण कुठल्या समाजाने, कुठल्या भिशीने बांधलं असतं? त्यासाठी भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, माणसं उठवावी लागली. माणसाला त्याच्या घरातून उठवण्याची ताकद फक्त सरकारकडे असते. ती वापरून झाल्यावर नळाला रोज पाणी देता येत नसेल, तर सही करणं माझं कर्तव्यच आहे. सरकारने कामं कमी घ्यावीत, घेतलेली मात्र पुरी करावीत, असं मी म्हणतो.

सरकारच्या ताकदीचं भय सोलापूरला कुणी शिकवायला नको. मे १९३० मध्ये गोळीबार झाला, पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. त्यानंतर गोऱ्यांचा अंमल उठल्यासारखा झाला, तेव्हा काही दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. आज सरकार आपलं आहे. तरीही दंडुका त्याच्याच हातात असतो, हे मी विसरत नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग. परंपराच कुणाच्या मानेवर बसली असेल तर? १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय दहाचं बारा झालं. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, समाज स्वतः सुधारेल, असं टिळक म्हणत. त्यांच्या म्हणण्यातला परक्या सत्तेविषयीचा संशय मला पूर्ण समजतो. पण समाज सुधारेपर्यंत त्या दहा वर्षांच्या मुलीने थांबायचं कुठे? या वादात मी कायद्याच्या बाजूचा आहे. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला, तो मला हवाच होता. ज्याला समाजाबाहेर काढलं, त्याने दाद मागायची कुठे? त्याच्यासाठी सरकार हवंच, आणि तिथे ते ढिलं पडलेलं मला चालत नाही. वडीलधाऱ्यांपैकी काहींना माझं हे बोलणं आवडत नाही. त्यांच्या पाया पडून मी तेच सांगतो.

"मग गरिबाला मदत नको का?" हा पुढचा प्रश्न. हवी. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरं झाली, २००६ मध्ये ती त्यांच्या ताब्यात आली. ते काम लाल बावट्याच्या लोकांनी केलं, आणि त्यांचं माझं राजकारण जुळत नाही. पण सोसायटी कामगारांची होती. केंद्राच्या आणि राज्याच्या पैशाला त्या बायकांनी विड्या वळून मिळवलेला स्वतःचा हिस्सा जोडला. घर दान म्हणून आलं नाही, मालकीने आलं. यंत्रमागवाल्यांसाठी योजना आखणाऱ्यांनी आधी कुंभारीला जाऊन यावं, त्या बायकांशी बोलावं, आणि मगच कागद पुढे करावा.