ठोके १४६

"ठोके तं बराबर हायेत म्हणे," फाइल माझ्यापुढे सरकवत तिचा नवरा म्हणाला.

मे महिन्यातला सोमवार. दुपारचे दोन वाजलेले आणि नागपूरच्या धंतोलीचा एरवी गजबजलेला रस्ता उन्हानं ओस पडलेला. काटोलकडून ती गरोदर बाई, तो आणि त्याची आई असे तिघं आले होते. सासूबाईंच्या डोक्याला ओला दुपट्टा तसाच गुंडाळलेला. तालुक्याच्या रिपोर्टात लिहिलं होतं, बाळ बारीक, ठोके नियमित. ते खोटं नव्हतं. मी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तेव्हा ठोके १४६ होते, म्हणजे ११० ते १६० च्या हद्दीत अगदी व्यवस्थित. तो धकधक आवाज ऐकून सासूबाईंनी हात जोडले.

गर्भ २९ आठवडे ४ दिवसांचा. अंदाजे वजन ७९० ग्रॅम, जिथे सव्वा किलोच्या आसपास हवं होतं. पोटाचा घेर सगळ्यात मागे पडलेला, पाणी कमी, आईचं बीपी १५०/१००. नाळेच्या धमनीत दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढे सरकत राहायला हवं, इथे आलेख थेट खालच्या रेषेला टेकत होता. वारेतल्या, म्हणजे प्लासेंटातल्या, रक्तवाहिन्यांचं जाळं नीट पसरलंच नव्हतं, त्यामुळे रक्ताला आत शिरायला वाट मिळत नव्हती. मेंदूची धमनी मात्र सैल सुटलेली. घरात दाणे कमी असले की आधी लेकराच्या ताटात वाढतात, तसं हे बाळ आपल्या वाट्याचं रक्त मेंदूकडे वळवत होतं. हे सगळं मी दर महिन्याला बघते. हृदयावर मात्र मी बराच वेळ थांबले.

ते गोल झालं होतं. छातीच्या आडव्या छेदात हृदयाला एक निमुळतं टोक दिसतं, इथे ते चेंडूसारखं फुगलेलं. गर्भात उजवा कप्पा जास्त राबतो आणि त्याचं बरंचसं रक्त खाली, वारेकडे जातं. वार अडली की पहिला भार त्याच्यावर येतो.

मग मी तेई इंडेक्स काढला. जपानच्या डॉ. तेई यांनी तो १९९५ मध्ये मोठ्या माणसांच्या हृदयासाठी मांडला, गर्भासाठी तो नंतर वापरात आला. झडपा बंद असताना हृदयाचा आवळण्यात आणि सैल होण्यात जाणारा वेळ एकत्र करायचा आणि प्रत्यक्ष रक्त बाहेर टाकण्याच्या वेळानं भागायचं. साधारण ०.४ च्या आसपास यावा. मी तीनदा मोजला, ०.६८ च्या खाली येईना. आणि जास्तीचा वेळ बहुतेक सैल होण्यातच जात होता. दमलेला स्नायू आवळण्याचं काम करून घेतो, पण सुटायला वेळ लावतो. ठोके मोजून हे कधीच कळत नाही.

या आकड्यावर मी बाळंतपणाची वेळ ठरवत नाही, आणि कोणी ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. कर्सर काही मिलिसेकंद सरकला तरी आकडा हलतो. पण कोणत्या बाळाकडे रोज बघायचं, ते मला तो सांगतो.

नवऱ्याची संत्र्याची बाग होती, म्हणून मी ड्रिपचा पाइप चोंदण्याचं उदाहरण काढलं. पुढचं तोच बोलला. "म्हणजे मोटर चालू हाये, पण लोड येऊन राह्यला तिच्यावर." थोडं थांबून म्हणाला, "मग आजच काढून घ्या ना, मॅडम. मोटर जळाची काय वाट पाहाची?"

प्रश्न बरोबर होता. पण बाळाची फुप्फुसं अजून कच्ची होती आणि या वयात पोटात काढलेला एकेक दिवस मोलाचा असतो. आम्ही तिला भरती केलं, बीपीची औषधं दिली, फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं सुरू केली. ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा. मंगळवारी काही बिघडलं नाही.

बुधवारी सकाळी मी यकृताजवळची ती बारीक शीर शोधली, नाळेतून आलेलं शुद्ध रक्त थेट हृदयाकडे नेणारी. वरचे कप्पे आवळतानाही तिच्यातला प्रवाह पुढेच राहायला हवा. सोमवारी होता. आता तो नेमक्या त्या क्षणी रेषेवर येऊन थांबत होता. हृदय इतकं ताठरलं होतं की येणाऱ्या रक्ताला आत जागा नव्हती. बाळाच्या ठोक्यांचा कागदी आलेखही सपाट झालेला.

"ठोके किती हायेत जी?" सासूबाईंनी विचारलं.

"१५०."

"मग?"

त्या 'मग'ला उत्तर देणं त्या दिवशी सगळ्यात अवघड गेलं. मी त्यांना खुर्ची ओढायला सांगितली, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि प्रत्येक लाटेनंतरचा तो खळगा बोटानं दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाल्या, "धापा टाकत असन लेकरू."

गर्भ श्वासावर जगत नाही. मी त्यांना दुरुस्त केलं नाही, कारण त्यांना कळायला हवं होतं ते पूर्ण कळलं होतं.

बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट लावलं आणि संध्याकाळी सिझेरियन झालं. मुलगी, ८१० ग्रॅम. रडली, मांजरीच्या पिलासारखी. अंग पुसायच्या आधीच तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबानं हवा देणाऱ्या यंत्रावर, ठेवलं. पुढचे ५३ दिवस एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, माझ्या सहकाऱ्यांचे आणि तिच्या आईचे. आई तासन्‌तास तिला छातीशी धरून बसायची. दोनदा जंतुसंसर्गानं सगळ्यांना घाबरवलं.

घरी जायच्या आदल्या दिवशी मी तिचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघायला गेले. सैल होण्याचा वेळ सुधारला होता, हृदयाचा गोलपणा मात्र थोडा उरला होता. जन्माच्या वेळचं आणि पहिल्या वर्षातलं कमी वजन मोठेपणीच्या हृदयविकाराशी जोडलेलं असतं, हे इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये मांडलं. तेव्हापासून ही बाळं घरी गेली की विषय संपला, असं म्हणता येत नाही. डिस्चार्ज कार्डावर मी स्वतःच्या हातानं लिहिलं, वाढ आणि बीपी दरवर्षी बघावं, वजन एकदम वाढवू नये.

सासूबाईंनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग कार्ड घडी करून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "आता कधी आणाचं जी तिले, बीपी पाहाले?"