एम 57 : मधला ठिपका मिळाला, होड्यांवरचा आळ मागे

मंडळी, मिळाला! एम 57 या तेजोमेघाच्या (आकाशातल्या वायूच्या ढगाच्या) वलयाच्या मधोमध जेमतेम तीन पिक्सेलचा ठिपका. 15 सेकंदांच्या 212 फ्रेम, म्हणजे 53 मिनिटांचा स्टॅक (सगळ्या फ्रेम एकावर एक रचून केलेला एक फोटो). एका फोटोवर भरवसा नको म्हणून फ्रेमचे दोन गट करून वेगवेगळे स्टॅक केले. दोन्हींत ठिपका त्याच जागी आहे. साधारण पावणेसोळाव्या प्रतीचा (प्रत जितकी मोठी, तितका तारा मंद) श्वेत बटू, म्हणजे संपलेल्या ताऱ्याचा गाभा, आपल्या 8 इंची न्यूटोनियन या आरशांच्या दुर्बिणीतून, देवगडच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून. रात्री अकराला आईला उठवून दाखवला.

आता त्याआधीच्या तीन आठवड्यांबद्दल, कारण मागच्या दोन नोंदींत फोटो बिघडल्याचा दोष मी होड्यांच्या दिव्यांना दिला होता, आणि ते चुकीचं होतं.

आठवत असेल, प्रत्येक स्टॅकवर राखाडी पडदा येत होता. वलय दिसायचं, पण आतली पोकळी भरल्यासारखी. एम 57 शेजारचा अभिजित तारा सध्या संध्याकाळीच पश्चिमेकडे कललेला असतो, त्यामुळे साडेसात ते नऊ एवढाच वेळ हाती लागतो, आणि नेमकं त्याच बाजूला समुद्रात होड्यांचे दिवे. दोष त्यांचाच, असं मी ठरवूनच टाकलं. ग्रेडियंट (फोटोत एका बाजूने चढत गेलेला उजेड) काढायच्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या, ट्यूबला आतून उजेड शोषणारं काळं फ्लॉकिंग लावलं, पुठ्ठ्याचं लांब नळकांडं बसवलं. पडदा हलेना.

मग वादळाचा बावटा लागला. तिसऱ्या संध्याकाळी दोन तास आकाश मोकळं मिळालं, तेव्हा धावत सड्यावर गेलो. फोटोत तोच पडदा! परतताना शेजारच्या तांडेलकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, “अरे झिला, तीन दीस एक होडी भायर गेली नाय. तू खंयचे लायटी बघतंस?”

त्या रात्री पहिल्यांदा स्टॅक बाजूला ठेवून एकेक कच्ची फ्रेम तपासली. ऑटोस्ट्रेच (फोटो आपोआप उजळवणं) लावला की काहीही राखाडी दिसतं, म्हणून तो बंद केला. सिरिल या सॉफ्टवेअरने पहिल्या फ्रेममध्ये 640 तारे मोजले, चाळीस मिनिटांनंतरच्या फ्रेममध्ये 190. पार्श्वभूमीची पातळी मात्र जवळपास तीच. बाहेरचा उजेड वाढला असता तर आधी ती वर चढली असती. इथे तारेच विझत चालले होते. टॉर्च घेऊन ट्यूबमध्ये पाहिलं, तर सेकंडरी (ट्यूबच्या तोंडाजवळच्या छोट्या) आरशावर श्वास सोडल्यासारखी धूसर साय. दव. मुख्य आरसा ट्यूबच्या तळाशी असल्यामुळे कोरडा ठणठणीत, आणि मी दर वेळी तोच तपासत होतो.

दव ‘पडतं’ म्हणतो आपण, पण वरून काही पडत नाही. उघड्यावरची वस्तू आकाशाकडे उष्णता सोडत राहते, आकाशाकडून मात्र तेवढी परत मिळत नाही. इथे मला ओल्बर्सचं कोडं आठवलं. 1823 मध्ये त्याने मांडलं होतं की विश्व अनंत, अनादि आणि ताऱ्यांनी सारखं भरलेलं असेल, तर कुठेही नजर टाकली तरी ती शेवटी एखाद्या ताऱ्यावरच टेकेल आणि रात्रीचं आकाश सूर्याच्या पृष्ठभागासारखं तळपेल. तसं होत नाही, कारण विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं. त्यापलीकडचा उजेड अजून इथवर पोचलेलाच नाही. सुरुवातीच्या काळातली सगळीकडे भरलेली लकाकी प्रसरणाने ताणून ताणून निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 2.7 अंशांवर आली आहे. त्या गार अंधाराकडे माझा आरसा उघडा होता. मध्ये हवेचं पांघरूण आहे म्हणून तो थोडाच निवतो, पण 90 टक्के दमट हवेत दोन अंश खाली गेलं की पुरे. ज्या अंधारामुळे तो ठिपका दिसायचा, त्याच अंधाराने आरसा धुरकट केला होता.

उपाय. विकतची हीटर पट्टी घेऊ नका. ऑनलाइन मागवलेली माझी पट्टी दुसऱ्या आठवड्यात बंद पडली, खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवा झाला. मग नायक्रोमची तार गुंडाळून 6 वॅट दिले, तर गरम हवेच्या लहरींनी तारे फुगून बोरांएवढे झाले. शेवटी कुडाळहून 10 ओहमचे दहा रेझिस्टर आणले, सिरीजमध्ये जोडले आणि सेकंडरीच्या पाठीला चिकटवले. 12 व्होल्टला दीड वॅटही होत नाही. वायर स्पायडरच्या (सेकंडरीला धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) पात्यामागे लपवली, म्हणजे ताऱ्यांना नवीन शिंग फुटत नाही. सांधे झाळून त्यावर नेलपॉलिश. सुरुवातीपासून चालू ठेवलं आणि शेवटच्या फ्रेममध्येही 600 च्या वर तारे!

वलयाच्या पूर्वेला चिकटून तेराव्या प्रतीचा तारा आहे, तो टाचणीच्या टोकासारखा आला की आत शोधायला लागा. आत आहे तो सूर्यासारख्या ताऱ्याचा उरलेला गाभा. बाहेरची आवरणं त्याने झटकून दिली, तेच हे वलय. गाभ्याचं तापमान लाख अंशांच्या वर, पण आत जळण संपलेलं, आता फक्त निवत जाणं. पूर्ण काळा पडायला इतका वेळ लागतो की विश्वातला एकही श्वेत बटू अजून विझलेला नाही. इथेही कारण तेच, विश्वाचं वय.

पुढे ऑक्सिजन-तीनचा फिल्टर घ्यायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की तो वलयाचा 500.7 नॅनोमीटरचा हिरवा उजेड आत सोडेल आणि ताऱ्याचा बहुतेक उजेड अडवेल. ठिपक्यासाठी नेमका उलटा! तेव्हा फिल्टर रद्द. त्यापेक्षा पुढचं लक्ष्य 40 एरिडॅनी या ताऱ्याचा सोबती, 40 एरिडॅनी बी. साडेनवव्या प्रतीचा श्वेत बटू, मुख्य ताऱ्यापासून 80 विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) दूर, आपल्यापासून फक्त 16 प्रकाशवर्षांवर. कॅमेऱ्याशिवाय, दुर्बिणीला डोळा लावून थेट दिसायला हवा. मृग वर येईपर्यंत थांबायचं.

येत्या अमावास्येला सड्यावर कोण येतंय? बॅटरी माझी, पण 12 व्होल्टच्या पिना आपापल्या आणा.