रिसायकलिंगच्या डब्यातली चित्रं

परवा रात्री साडेदहाला, भुरभुर पावसात, मी घराबाहेरच्या रिसायकलिंगच्या डब्यात कमरेपर्यंत वाकले होते आणि लेक मोबाइलचा टॉर्च धरून शेजारी उभी होती. समोरच्या आजोबांनी पडदा जरा सरकवला, परत सोडला. इथे इंग्लंडमध्ये शेजारी काही विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी भेटले की पावसावर बोलतात.

गुन्हा माझाच होता. शनिवारी जेवणाचं टेबल आवरताना तिची बारा-पंधरा चुरगळलेली, अर्धवट, शाई सांडलेली चित्रं मी टाकून दिली. सगळी आमच्या पोळ्यांच्या डब्याची. तोच डबा पुन्हा पुन्हा, आणि एकही धड नाही. एक बरं आलेलं होतं, ते मात्र जपून फाइलला लावलं. लेकीने ते पाहिलं आणि रडायलाच लागली. "आई, तू माझे मार्क्स फेकलेस!"

मला वाटलं, नाटकं करतेय. मग तिने गुणांच्या वाटणीचा कागद दाखवला आणि मी गप्प झाले.

जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीच्या जागच्या परीक्षेला, तिने चित्रकला घेतली आहे. त्यात ६० टक्के गुण वर्ष-दीड वर्ष साठवलेल्या कामाला आणि ४० टक्के परीक्षेला. परीक्षा कसली, तर प्रश्नपत्रिका जानेवारीतच हातात देतात (आपल्याकडे याला पेपर फुटला म्हणतात), मग काही आठवडे तयारी आणि शेवटी देखरेखीखाली दहा तास काम. पण खरी गंमत गुणांच्या वाटणीत आहे. कल्पना कशी वाढवत नेली, साधनं वापरून काय प्रयोग केले, काय बघितलं नि टिपलं, आणि शेवटी काय उभं केलं, या चौघांना सारखे गुण. म्हणजे मी जपून ठेवलेल्या त्या सुबक चित्राच्या वाट्याला जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचं सगळं डब्यात भिजत होतं.

माझं हाडच वेगळं आहे हो. सांगलीत शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या. आमचे ड्रॉइंगचे सर एकच मंत्र सांगायचे, कागद मळवायचा नाही. खोडल्याची खूण दिसली की पाठीवर धपाटा. स्मरणचित्र नावाचा पेपर होता, आणि आम्ही ते स्मरण चक्क पाठ केलेलं. एक भाजीवाली, एक छत्रीवाला, एक पाठमोरी बाई, एक सायकल. विषय बाजार येवो, स्टेशन येवो नाहीतर जत्रा, तीच मंडळी इकडून तिकडे हलवायची. वर्गातल्या चाळीस जणांच्या चाळीस जत्रांत तीच भाजीवाली.

तरी सांगते, हात तयार झाला तो त्या धपाट्यांनीच. लेकीचा डबा सारखा बिघडत होता, कारण ती त्याचं तोंड ताटासारखं गोल काढत होती. समोरून ते लंबवर्तुळ दिसतं, नजरेच्या पातळीला आलं की आडवी रेघ होतं, हे मी तिला दोन मिनिटांत दाखवलं. शाळेत म्हणे "तुला दिसतं तसं शोध" असं सांगितलेलं. अहो, शोधेल ती, पण किती डबे काढून? आता कळतं की त्या न जमलेल्या डब्यांनाच गुण आहेत. पटतं, आणि चिडचिडही होते.

विषय निवडायच्या संध्याकाळी घरात वेगळंच महाभारत झालं होतं. नवऱ्याला चित्रकलेच्या जागी कॉम्प्युटर सायन्स हवं होतं. मी लेकीच्या बाजूने भांडले. पण गावाकडून फोन आला की विषय सांगताना मी गणित, तिन्ही सायन्स, फ्रेंच असं मोठ्याने म्हणते, आणि चित्रकला शेवटी, "अजून एक आहे" म्हणून उरकते. भाच्याला दहावीत इंटरमिजिएटच्या 'ए' ग्रेडचे ७ वाढीव गुण मिळाले, तेव्हा वहिनींनी पेढे वाटले. त्यानंतर त्याने ब्रश हातात धरलेला नाही. मी हसत होते, पण माझं तरी काय वेगळं झालं?

इथलंही सगळं गोडगोड नाही. सरकारने २०१० मध्ये शाळांना मोजायची एक फूटपट्टी आणली. तिच्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, भाषा, इतिहास नाहीतर भूगोल होते, कला एकही नव्हती. त्यानंतर नाटक घेणारी मुलं कमी होत गेली. लेकीच्या शाळेत पुरेशी मुलं मिळाली नाहीत म्हणून संगीताचा वर्गच निघाला नाही, आणि तिच्या मैत्रिणीची व्हायोलिन घरातच राहिली. जवळच्या महागड्या खाजगी शाळेला स्वतःचं थिएटर आहे. तेव्हा 'परदेशात कलेला किती मान' वगैरे मला कुणी ऐकवू नका.

हे साठवलेलं काम ज्या वहीत लावतात, तिच्यात दुसऱ्या कलाकारांचाही अभ्यास मांडायचा असतो. तिचे वर्गमित्र व्हॅन गॉगच्या मागे लागले. हिला लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयात अजिंठ्याच्या नकला सापडल्या. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी लेण्यांत बसून उतरवलेली चित्रं. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. चित्रं लंडनला आली आणि १८८५ च्या आगीत त्यांतली बरीच जळाली. माझी मान ताठ झाली. लेकीने मात्र विचारलं, "त्यांनी कच्ची काढलेली कुठे आहेत?"

रिसायकलिंगच्या डब्यातून नऊ कागद मिळाले. एकावर चहाची पावडर, एकावर आमटीची हळद. ते तिने हेअर ड्रायरने वाळवून तसेच वहीत चिकटवले, खाली तारीख घातली आणि लिहिलं, "आईने टाकून दिलेलं." मास्तरीणबाईंनी शेजारी बरोबरची खूण केली आहे.

मग तिला माझी जुनी चित्रं बघायची होती. परीक्षेचे कागद केंद्रावर जमा झाले ते झाले, आणि सरावाचे माझ्या आईने रद्दीत घातले. सर्टिफिकेट आहे, ते दाखवलं.

"मग वस्तुचित्राला काय आलं होतं?"

किटली असावी. किंवा तांब्या. वांगं होतं बहुतेक. ग्रेड आठवते, बी.